कडीमावशी आणि बोर्डावरची तेवीस पोरं

तिला सगळे कडीमावशी म्हणायचे. शाळेचं लोखंडी गेट, त्याला आतून हातभर लांब कडी, आणि त्या कडीवर तिचा डावा हात. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत तो हात तिथून हलायचा नाही. पाणीसुद्धा ती उजव्या हातानं प्यायची. नाव मुलांनी ठेवलं, मग शिक्षकांनी उचललं, आणि शेवटी पगाराच्या कागदावर तिचं खरं नाव दिसलं की कारकुनालाच प्रश्न पडायचा, ही कोण बुवा? तिला त्या नावाचा राग नव्हता. माणसानं कडी असावं, पडदा असू नये, वारा आला की उडतो, असं ती म्हणायची.

त्याआधी एकवीस वर्षं ती बसच्या पार्सल ऑफिसात होती. पावती दाखवा, पार्सल घ्या, एवढंच काम. तिसऱ्याच वर्षी एक टापटीप, गोडबोल्या माणूस आला. पावती घरी राहिली म्हणाला, हात जोडले, आई आजारी आहे म्हणाला. हिला दया आली आणि हिनं खोकं दिलं. तासाभरानं खरा मालक पावती घेऊन खिडकीशी उभा. खोक्यात नवी कोरी शिलाई मशीन होती आणि तिची भरपाई हिच्या पगारातून झाली. त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला, की यापुढे तोंड बघून माल द्यायचा नाही. पुढे ते ऑफिस बंद पडलं आणि ती शाळेच्या गेटावर आली, पण कानाचा खडा तसाच राहिला.

शाळेत पहिली ते सातवीच्या मुलांना पिवळी कार्डं होती. मुलाला न्यायला जो येणार त्याचा फोटो कार्डावर. नियम मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी काढला, पण पाळला मावशीनं. चार वर्षं रोज येणाऱ्या एका बापाला तिनं एकदा कार्ड आणायला घरी पिटाळलं. तो भडकला. अहो, मी रोज येतो, म्हणाला. रोज कार्डही येतं, आज नाही आलं, ही म्हणाली. लोक म्हणायचे, बाई डोक्यावर पडलीय. तिचं म्हणणं साधं होतं, की पावती नसेल तर आपण शिलाई मशीन देत नाही, मग पोरं काय मशीनपेक्षा स्वस्त झाली?

आणि हे दुसऱ्यांनाच नाही बरं का. तिची नात सहावीत होती. चणीनं एवढीशी, पण बोलायला झणझणीत, म्हणून घरीदारी तिला मिरी म्हणत. मिरीची आई लांबच्या शहरात एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला, दोन महिन्यांतून एकदा यायची. म्हणजे मिरीला न्यायला येणारं माणूस आजीच. तर रोज संध्याकाळी गेट रिकामं झालं की मिरी दप्तर घेऊन आजीसमोर यायची आणि आजीच्याच फोटोचं कार्ड आजीला दाखवायची. आजी फोटो नीट बघायची, वहीत खूण करायची, मग कडी काढायची. शिक्षक हसून लोटपोट व्हायचे. कारकुनानं विचारलंसुद्धा, मावशी, स्वतःवरही विश्वास नाही का? तिनं सांगितलं, विश्वास आहे, पण सवय मोडायची नाही.

या कारकुनाला सगळे कार्बन म्हणायचे. माणूस भला, पण कामाची तऱ्हा अशी, की मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवायचा आणि जसाच्या तसा नव्यावर उतरवायचा. फक्त इयत्ता एकानं वाढवायची. अशानं वारलेल्या एका पालकाला त्यानं कागदावर आणखी तीन वर्षं रिक्षा चालवायला लावली होती. कुणी चूक दाखवली की ओशाळायचा, दुरुस्त करतो म्हणायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आता बोर्डाकडे येऊ, कारण सगळं रामायण त्या बोर्डानंच घडवलं. शाळेतल्या तेवीस मुलांना एका मदत मंडळाकडून फी, गणवेश आणि पुस्तकं मिळायची. चांगली गोष्ट. पण मंडळाची अट होती की त्या तेवीस मुलांची यादी गेटाबाहेर, रस्त्याच्या बाजूला, काचेच्या बोर्डात लागली पाहिजे. मुलाचा फोटो, पूर्ण नाव, वर्ग, पालकाचं नाव, पालकाचा धंदा आणि घरचा पत्ता. मदत कुणाला जाते ते जगाला दिसू दे, कारभार पारदर्शक हवा, असं मंडळाचे सचिव म्हणायचे. डोंबलाची पारदर्शकता. सचिवांच्या स्वतःच्या घरच्या खिडक्यांना काळ्या काचा होत्या, ते सोडा. मिरीचा फोटो तिसऱ्या ओळीत होता. आणि खरं ते सांगायला हवं, मावशीला त्या फोटोचा अभिमान होता. रोज सकाळी शाळा भरण्याआधी ती ओलं फडकं घेऊन बोर्डाची काच पुसायची.

एका मंगळवारी, मधली सुट्टी संपून अर्धा तास झाला असेल, एक माणूस गेटाशी आला. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, हातात फाइल. तिसरीतल्या एका मुलीचं पूर्ण नाव घेतलं, वर्ग आणि तुकडी सांगितली, आईचं नाव सांगितलं. म्हणाला, मी यांचा शेजारी. हिची आई इस्त्रीचं काम करते ना, कोळशानं पेटली साडी. दवाखान्यात नेलंय. पोरीला बघायचं म्हणतेय, लवकर सोडा. आवाज कापरा, कपाळावर घाम. कुणाचंही काळीज हललं असतं.

मावशीनं कार्ड मागितलं. तो म्हणाला, अहो तिकडे बाई जळलीय आणि तुम्हाला कार्ड सुचतंय? मावशीनं विचारलं, शेजारी म्हणजे कुठले? तो न अडखळता म्हणाला, लाकडाच्या वखारीमागची गल्ली, तिसरं घर.

मावशीनं त्याच्या खांद्यावरून रस्त्यापलीकडे बघितलं. इस्त्रीवालीनं वखारीमागचं घर सोडून आठ महिने झाले होते. आता ती शाळेच्या अगदी समोर राहायची, आणि या क्षणी आपल्या पत्र्याखाली उभी राहून कुणाची तरी चादर इस्त्री करत होती. धडधाकट. मध्येच तोंडात पाण्याचा घोट घेऊन चादरीवर फुर्र करून उडवत होती.

मावशीचा चेहरा हलला नाही. दुसरी कुणी असती तर तिथेच बोंबलली असती. ही म्हणाली, बरं बरं, एवढ्या वहीत नाव लिहा, मी पोरीला बोलावते. तिला त्याचं अक्षर हवं होतं, आणि तेवढ्यात मोठ्या बाईंना खूण करायची होती. पण वही पुढे आली तसा त्यानं फोन आल्यासारखं केलं, कानाला लावला आणि बोलत बोलत कोपऱ्यावर गेला. मग दिसेनासा झाला. मावशीनं ओरडून इस्त्रीवालीला हाक मारली तेव्हा तिचा स्वतःचा आवाज फाटला होता.

पोलीस आले, वर्णन लिहून घेतलं, गेले. माणूस काही सापडला नाही. इस्त्रीवाली पोरीला पोटाशी धरून शाळेच्या पायरीवर बसली आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिली, त्याला माझं नाव कसं माहीत? माझं काम कसं माहीत?

संध्याकाळी मावशी बोर्डासमोर जाऊन उभी राहिली आणि यादी वाचायला लागली. तो जे जे बोलला ते सगळं तिथे होतं. नाव, तुकडी, आईचं नाव, धंदा इस्त्री, पत्ता लाकडाच्या वखारीमागे, घर तिसरं. कार्बननं मागच्या वर्षीचा पत्ता तसाच उतरवला होता. त्या माणसानं उभ्या उभ्या पाठ केला आणि वरून गोष्ट रचली. आणि वाचता यावं म्हणून काच कुणी लख्ख ठेवली होती? हिनंच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बैठक बसली. कार्बनचा चेहरा पडला होता, बिचारा खरंच घाबरला होता. म्हणाला, माझीच चूक, मी आजच सगळे पत्ते तपासून यादी दुरुस्त करतो. मोठ्या बाई म्हणाल्या, हो, आधी ती यादी अचूक करा.

मावशी दारात उभी होती. तिला बैठकीत कुणी बोलावलं नव्हतं. ती आत आली.

"यादी चुकीची होती म्हणून पोर वाचली," ती म्हणाली. "बरोबर असती तर समोर आई उभी दिसताच त्यानं दुसरी, पटेल अशी गोष्ट रचली असती. आणि तुम्ही आता ती बरोबर करायला निघालात?"

कार्बननं पेन खाली ठेवलं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, पण त्यांचे हात दगडाखाली होते. त्या म्हणाल्या, मावशी, बोर्ड काढला तर मंडळ मदत थांबवेल, तेवीस मुलांचं काय करू? त्यात तुमची नातही आहे. मावशी म्हणाली, मला माहीत आहे कोण आहे ते. मग तिनं कार्बनच्या टेबलामागच्या खिळ्यावरची बोर्डाची किल्ली उचलली, बाहेर गेली, काच उघडली आणि टाचण्या एकेक उपटून यादी काढली. घडी घालून मोठ्या बाईंच्या टेबलावर आणून ठेवली. तुमचीच आहे, कपाटात ठेवा, म्हणाली, आणि जाऊन कडीवर हात ठेवून उभी राहिली.

घरी मिरी शाळेचे कपडे घडी करत होती. आजीनं तिला सांगितलं, की बोर्डावरची यादी काढली, कदाचित आता मदत बंद होईल, कदाचित आजीची नोकरीही जाईल. तिला वाटलं पोर घाबरेल. मिरीनं हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, बरं झालं.

"बरं झालं म्हणजे?"

"मुलं आम्हाला बोर्डावरची म्हणतात. पळापळी खेळतानासुद्धा, बोर्डावरचे एका बाजूला."

"कधीपासून?"

"चौथीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

मिरीनं मोज्यांची जोडी लावली, दोनदा उलटसुलट केली. "तू रोज काच पुसायचीस ना," ती म्हणाली.

मावशी रडली. पार्सलचं खोकं गेलं तेव्हा रडली नव्हती, नवरा गेला तेव्हा लोकांसमोर रडली नव्हती, पण त्या संध्याकाळी नातीसमोर बसून रडली. तिला स्वतःची लाज वाटली आणि सचिवाचा संताप आला, दोन्ही एकदम. शेवटी मिरीच म्हणाली, आजी, पुरे आता, मला भूक लागलीय.

तीन दिवसांनी सचिव स्वतः आले. दर महिन्याला बोर्डाचा फोटो मंडळाला जायचा, तो या महिन्यात गेला नव्हता. मोठ्या बाईंनी पालकांनाही बोलावलं होतं. सचिव आवाज न चढवता बोलायचे, म्हणजे जास्तच चीड यायची. ते म्हणाले, एक वेडावाकडा माणूस आला म्हणून आम्ही चांगली पद्धत मोडायची का? तो गेला की हात हलवत, मग? लोकांचा पैसा आहे, लोकांना दिसायला हवा. आणि मग खिशातून छापील कागद काढले. ज्यांना नाव लागण्याची लाज वाटते त्यांनी इथे सही करावी, की आम्हाला मदत नको. कुणावर जबरदस्ती नाही.

त्यांना पक्कं ठाऊक होतं, सही कोण करणार? गरज कुणाला नव्हती? त्या खोलीत रिक्षावाला होता, धुणीभांडी करणाऱ्या दोघी होत्या, रंगकाम करणारा होता. सगळे चपलांकडे बघत बसले.

मावशी भिंतीशी उभी होती. ती टेबलापाशी गेली आणि तिनं पेन मागितलं.

"लाज आम्हाला नाही वाटत, साहेब. मदत घेण्यात कसली लाज. पण पोराला पुस्तक द्यायचं तर द्या. त्याच्या बदल्यात त्याच्या घराचा पत्ता रस्त्यावर टांगायचा असेल तर तुमचं पुस्तक तुम्हाला लखलाभ."

आणि तिनं मिरीच्या नावापुढे सही केली. अक्षर मोठं, ठसठशीत, पार्सलवर लिहायची तसं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं कुणीतरी मागून पुटपुटलं. मावशीनं मागे वळून सांगितलं की आपण पाण्यात नाही, गेटावर आहोत.

मग इस्त्रीवाली उठली. मग रिक्षावाला. मग धुणीभांडीवाल्या एकमेकींकडे बघून उठल्या. सगळ्यांनी केली असं सांगितलं तर ते खोटं होईल. चौघांनी सही केली नाही. एकाच्या घरी तीन पोरं आणि कमावणारं कुणी नाही, त्याला काय बोलणार? मावशीनं कधी त्या चौघांना उणा शब्द काढला नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण एकोणीस कागद सचिवांच्या फाइलीत गेले आणि सचिव आले होते तितक्या आरामात गेले नाहीत.

आता गंमत बघा. देणाऱ्यालाही घेणारा लागतो. मंडळाचा वार्षिक अहवाल छापायचा होता, त्यात तेवीस मुलं लिहिलेली, आणि हातात उरली चार. पंधरा दिवस तिकडून काही हालचाल नाही. मग मंडळानं तेवीसही मुलांचे अर्ज नव्यानं मागवले, ते गेले आणि पत्र आलं. यादी यापुढे मुख्याध्यापिकांच्या कपाटात कुलपात ठेवावी, बाहेर लावण्याची गरज नाही, मदत पूर्ववत चालू राहील. खाली नावं होती. कार्बननं ती मोठ्यानं वाचली आणि वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजली. बावीस. मिरीचं नाव नव्हतं. शेरा होता, अर्ज अपूर्ण.

कार्बन पहिल्यांदाच चिडलेला दिसला. तो शपथेवर सांगत होता की या वेळी एकही अर्ज त्यानं उतरवून काढला नाही, घरोघर जाऊन, विचारून, नव्यानं लिहिला, आणि मिरीचा तर सगळ्यात आधी. मावशीनं त्याला चहा पाजला. म्हणाली, अर्ज पुरा होता रे, सूडच काय तो अपुरा राहिला होता, तो आता पुरा झाला.

हात दाखवून अवलक्षण, असं काही जण म्हणाले. मावशीला वाईट वाटलं का? वाटलं. खूप वाटलं. नातीच्या जुन्या गणवेशाचा दुमडलेला काठ उसवून ती तो लांब करत बसली तेव्हा सुई दोनदा बोटात गेली. फी हप्त्यानं घ्यायची सोय मोठ्या बाईंनी केली. हप्ते जमावेत म्हणून शाळा सुटल्यावर मावशी दोन तास इस्त्रीवालीच्या पत्र्याखाली उभी राहायला लागली. शर्टाची कॉलर तिला शेवटपर्यंत नीट जमली नाही. पण बावीस पोरं आता नुसती पोरं होती, बोर्डावरची नव्हती, आणि पळापळीत बाजू चिठ्ठ्या टाकून पडायला लागल्या. हे तिला मिरीनं सांगितलं.

रिकामा बोर्ड बरा दिसत नव्हता. मावशीनं मिरीच्या कार्डावरचा स्वतःचा फोटो मोठा करून घेतला आणि काचेमागे लावला. खाली कार्बनकडून लिहून घेतलं: 'या शाळेतल्या कुठल्याही मुलाची चौकशी करायची असेल तर हिच्याकडे करा.' फोटोत ती जरा जास्तच रागीट दिसत होती. मोठ्या बाईंनी तो बघितला आणि काढायला सांगितलं नाही.

महिनाभरानं, दुपारी, एक गाडी गेटासमोर थांबली. सचिव उतरले, मागून कॅमेरावाला. सचिवांनी बोर्डावरचा फोटो बघितला, मग मावशीकडे बघितलं. हसले. म्हणाले, झालं गेलं विसरून जा. तुमच्या नातीचं मी करून आणलंय, पूर्ण दहावीपर्यंतचं. त्यांच्या हातात पांढरा लिफाफा होता. तिला दोन मिनिटं बाहेर बोलवा, ती माझ्या हातून हे घेतेय असा एक फोटो काढू, गाडीपाशीच, आणि संपलं. अहवालात बरं दिसेल.

दहावीपर्यंतचं. मावशीनं त्या लिफाफ्याकडे बघितलं. काल संध्याकाळी इस्त्रीनं भाजलेलं तिचं बोट अजून हुळहुळत होतं. वर पहिल्या मजल्यावर सहावीच्या वर्गातून गणिताच्या सरांचा आवाज येत होता. एक हाक मारायची, की झालं.

"कार्ड?" ती म्हणाली.

सचिवांना वाटलं ती थट्टा करतेय. "अहो, तुम्ही मला ओळखता."

"ओळखते," मावशी म्हणाली. "म्हणूनच मागतेय."

लिफाफा द्यायचाच असेल तर ऑफिसात द्या, पोच मिळेल, वहीत नाव आणि काम लिहा, असंही तिनं सांगितलं आणि वही पुढे केली. सचिवांनी पेन हातात घेतलं. 'भेटीचं कारण' या रकान्यापाशी ते अडले, मग पेन परत ठेवलं आणि गाडीत जाऊन बसले. लिफाफा त्यांच्याबरोबरच गेला.

शाळा सुटली. पिवळी कार्डं एकामागून एक वर झाली, पोरं आपापल्या माणसाबरोबर गेली, इस्त्रीवाली पोरीला घेऊन रस्ता ओलांडून गेली. गेट रिकामं झालं. मिरी दप्तर सावरत आली. तिनं वर्गाच्या खिडकीतून गाडी पाहिली होती.

"आजी, दुपारी कोण आलं होतं?"

"होता एक. कार्ड नव्हतं त्याच्याकडे."

मिरीनं खिशातून आपलं कार्ड काढून आजीसमोर धरलं. मावशीनं फोटो नीट बघितला, वहीत खूण केली आणि कडी काढली.